बिनफॉलाची साडी

बर्गन

मुंबईला जाऊन आलो, असं इथे कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न हवेचा येतो. ऊन होतं का? होतं, म्हणतो मी. मग माणूस समाधानाने मान हलवतो. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या गावात ऊन ही इतकी दुर्मिळ वस्तू आहे की ते मिळालं म्हणजे प्रवास सार्थकी लागला, असा सगळ्यांचा समज आहे. मी इथे वीसेक वर्षं जहाजांचे पंप दुरुस्त करतोय. लग्न केलं नाही. का ते विचारू नये, बायलाही मला ते कधी धड सांगता आलं नाही.

बाय म्हणजे माझी मोठी बहीण. आम्ही मूळचे मालवणकडचे, आणि आमच्यात मोठ्या बहिणीला बाय म्हणतात. माझ्याबरोबर काम करणाऱ्या माणसाचं नाव ओला आहे, म्हणजे गावाच्या हवेला शोभेल असंच. तो पुष्कळ दिवस बुचकळ्यात पडला होता. मी रोज डब्याच्या सुट्टीत फोन लावायचो आणि पहिला शब्द 'बाय' उच्चारायचो. त्याला वाटायचं, हा भारतीय माणूस आधी निरोप घेतो आणि मग अर्धा तास बोलत बसतो. तिकडची पद्धत असेल म्हणून त्याने विचारलंही नाही. शेवटी मी खुलासा केला तेव्हा तो इतका हसला की त्याची कॉफी सांडली. ते मी बायला सांगितलं तर ती म्हणाली, "तुमच्याकडे माणसं एवढ्यावर हसतात? मग बिचारी सुखी असतील."

भावजींचा, म्हणजे बायच्या नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी बोटीच्या तळात होतो. सकाळी ती उठलीच नाही, एवढंच ते म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "तू येईपर्यंत ठेवतो तिला. साडी तुझ्याकडूनच लागेल ना."

सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावर शेवटची साडी माहेरची पडते, हे मला ठाऊक होतं. पण माहेर म्हणजे काहीतरी मोठं असतं अशी माझी कल्पना होती. ओसरी, आई, वहिनी, निदान एखादं तुळशीवृंदावन. आमचे आईबाबा कधीच गेले. लालबागची खोली गेली. गावच्या घरात चुलत्यांची मुलं राहतात आणि ती आम्हाला ओळखत नाहीत. म्हणजे पन्नाशी उलटलेला, हाताला ग्रीस लागलेला मी एकटा पुरुष, हेच आता बायचं अख्खं माहेर होतं.

रजा मागायला गेलो तर साहेबाने सहानुभूतीने विचारलं, अंत्यविधी कुठल्या तारखेला आहे? इथे माणूस गेला की आठवडा-दोन आठवडे सावकाश तयारी चालते, छापील कागदावर गाणी येतात, नंतर कॉफी आणि केक असतो. मी म्हटलं, मी पोचलो की. त्याला वाटलं मी फार मोठा माणूस आहे.

विमानात

दोहाला विमान बदललं आणि शेजारी एक मुलुंडच्या काकू आल्या. त्या मुलाकडून परत निघाल्या होत्या आणि घरी पुतणीचं लग्न होतं. बसल्या बसल्या त्यांनी मला खजुराचा लाडू दिला. कुठे चाललात म्हणून विचारलं. मी म्हटलं, बहिणीकडे. ते खोटं नव्हतं.

त्यावर त्यांना इतका आनंद झाला की पुढे मला खरं सांगायची सोयच उरली नाही. बहिणीसाठी काय घेतलंत? साडी घ्यायची आहे, म्हटलं, पोचल्यावर. कुठला रंग? हिरवा. अगं बाई, काय विशेष? त्यांनी आपल्या मनाशी काहीतरी शुभ ठरवून टाकलं आणि हिरव्यात पोपटी घेऊ नका, लगेच जुनाट दिसतो, पानाचा रंग घ्या, असा सल्ला दिला. मग दिवा बंद करून त्या शांत झोपल्या. मी मुंबई येईपर्यंत जागा होतो आणि पोपटी नको, पोपटी नको, असं मनात घोकत होतो. दुःखात माणसाचं डोकं कुठे अडकेल ते सांगता येत नाही.

उतरताना काकूंनी माझ्या हातात आणखी एक लाडू ठेवला. ताईंना द्या, म्हणाल्या. तो मी जाकिटाच्या खिशात ठेवला आणि विसरलो.

घाटकोपर, स्टेशनजवळ

विमानतळावरून टॅक्सीने साकीनाक्याहून घाटकोपरला आलो. डोक्यावरून मेट्रो जात होती, खाली सगळं पूर्वीसारखं खोदलेलं होतं. बाय राहायची भटवाडीत, टेकडीच्या उतारावरच्या बैठ्या चाळीत. पण आधी साडी हवी होती, म्हणून स्टेशनजवळच उतरलो. फेब्रुवारी संपत आला होता आणि माझ्या अंगात बर्गनचं जाकीट होतं. फुटपाथवरचा वडेवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "शेठ, बर्फ पडणार आहे काय?"

बरीचशी दुकानं बंद होती. एकाचं शटर अर्धं वर होतं आणि आत पन्नाशीचे एक गुजराती गृहस्थ गल्ल्यावरच्या देवांना उदबत्ती ओवाळत होते. मी वाकून आत गेलो. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक मीच होतो. आता यांच्या भवानीलाच जळणारी साडी मागायची म्हणजे त्यांचा अख्खा दिवस खराब, असं माझ्या मनात आलं आणि मी कारण सांगायचं टाळलं. एक हिरवी साडी दाखवा, बहिणीसाठी, एवढंच म्हटलं.

"वा वा. बसा," ते म्हणाले, आणि पांढऱ्या गादीवर हिरव्याचे सगळे प्रकार पसरू लागले. बहिणीचा रंग कसा, उंची किती, रोजची नेसणार की समारंभाची? मी प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर देत गेलो. रंग सावळा. उंची माझ्या खांद्याला. समारंभाची.

एक साडी मला आवडली. पानाचा रंग होता, बारीक लाल काठ होते. तीच द्या म्हटलं. ती घडी करताना त्यांनी सवयीने विचारलं, "फॉल-बिडिंग करून देऊ ना? आमची एक बाई आहे वरती भटवाडीत. तिचा हात असा आहे की सुलट्या बाजूला टाका शोधून दाखवा. पण दोन-तीन दिवस लागतील हां. परवापासून फोनच उचलत नाहीये. गावाला गेली असेल."

बाय हेच काम करायची. बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा आई आणि ती लालबागमधल्या दुकानांच्या साड्या आणून फॉल लावायला लागल्या, आणि लग्न होऊन भटवाडीत आल्यावरही तिने ते सोडलं नाही. कुठल्या दुकानांचं काम करते हे मी इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. ती बोलताना 'आमचे शेठ' म्हणायची, मी हं म्हणायचो.

"नाव काय तिचं?" मी विचारलं.

"शुभाताई."

"ती माझी बहीण," मी म्हटलं. "ही साडी तिच्यासाठीच आहे. शेवटची."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग ते गादीच्या कडेला बसले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसूनच राहिले. एवढ्या लांबून आल्यावर मी पहिल्यांदा रडलो तो एका अनोळखी माणसाच्या दुकानात, जाकीट घालून, घामाघूम होऊन.

शेवटी ते उठले आणि माझ्या हातातली साडी त्यांनी काढून घेतली. ही नको, म्हणाले. हिचा रंग जातो, ताईने दोनदा सांगितलं होतं की असला माल ठेवू नका, लोक मला बोलतात. मग त्यांनी आतल्या कपाटातून दुसरी काढली. सुती, गर्द हिरवी, लाल काठाची. नेहमीचं हळदकुंकवाचं बोट तिला लावलं नाही, खोक्यातही घातली नाही. घडी तशीच कागदात गुंडाळणार होते, पण थांबले. ड्रॉवरमधून फॉलच्या पट्ट्यांचा गठ्ठा काढला, साडी घेऊन शटरखालून बाहेर उन्हात गेले आणि एकेक पट्टी काठाला लावून बघायला लागले. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळलेला फॉल बाहेर दगा देतो, हे वाक्य मी लहानपणी बायच्या तोंडून शंभरदा ऐकलं आहे. तिसरी पट्टी जुळली.

"फॉल बरोबर देतो," ते म्हणाले. "आता लावायला..." आणि तिथेच थांबले. पैसे मात्र त्यांनी घेतले. माहेरची साडी आहे, ती तुमच्याच पैशाची पाहिजे, म्हणाले. मला ते फार बरं वाटलं.

भटवाडी

टॅक्सी उतारापाशी थांबते, पुढे पायऱ्या. बायचं दार उघडं होतं, आतबाहेर माणसं बसली होती. दाराशी, जिथे उजेड चांगला येतो तिथे, तिचं मशीन. त्याच्यावर तिने शिवलेलं फुलाफुलांचं झाकण होतं. बाजूला पिशव्यांत गिऱ्हाइकांच्या साड्या होत्या. ती स्वतः अजून हॉस्पिटलात, शीतपेटीत होती. गाडी दुपारी तिला घेऊन येणार होती.

भावजी मला बघून उठले आणि परत बसले. त्यांची आई, जिला मीही आयेच म्हणतो, कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. नव्वदीला टेकलेली, नजर तेज. भाची तन्वी येऊन माझ्या जाकिटात तोंड खुपसून रडली. ती बायची एकुलती एक. अंधेरीला कुठल्याशा कंपनीत काम करते, बटण तुटलं तरी आईकडे टाकायची. मग डोळे पुसून तिने पहिला प्रश्न केला, "साडी मिळाली?"

मी कागद सोडला. साडी आणि तिच्यावर ठेवलेला फॉल सगळ्यांनी पाहिला. मग तन्वी म्हणाली, "आई तशी नेसली असती का कधी?"

नसती. बाय नवी साडी बिनफॉलाची कुणालाच नेसू द्यायची नाही. शेजारणी लग्नाच्या घाईत म्हणायच्या, अगं आजच्या दिवस चालेल. ती म्हणायची, चालेल कशी, काठ पायात येईल, निऱ्या बसायच्या नाहीत, बाई गबाळी दिसेल. हे मी पण घरात रोज ऐकलेलं. इतकंच नव्हे, लहानपणी कामाची गर्दी झाली की ती मलाही बसवायची. चाळीतली पोरं खाली क्रिकेट खेळायची आणि मी माळ्यावर लपून फॉल लावायचो. कुणी पाहिलं असतं तर वाट लागली असती.

"सुई दे," मी तन्वीला म्हटलं.

भावजींचे एक चुलते डोंबिवलीहून आले होते. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. विधींचं सगळं त्यांच्या देखरेखीखाली चाललं होतं. ते लगेच म्हणाले की हे चालायचं नाही. शेवटचं वस्त्र कोरं लागतं, त्याला सुई लावत नाहीत. शिवाय हे जळणार, त्याला फॉल कशाला? माणूस वाईट नव्हता. नियमाप्रमाणे बोलत होता, आणि नियमापुढे मी काय बोलणार? मी माहेरचा, दुसऱ्याच्या घरात बसलेला. साडी हातात धरून तसाच राहिलो.

तेवढ्यात कोपऱ्यातून आयेचा आवाज आला.

"लाव रे झिला. आयुष्यभर तिना कोणाक बिनफॉलाची साडी नेसाक दिल्यान नाय. ती सोता कशी तशी जातली?"

आप्पांनी तोंड उघडलं, पण आयेपुढे त्यांचंही वय कमी होतं. ते बाहेर जाऊन बसले.

मी दाराशी, तिच्याच जागेवर, जमिनीवर बसलो. बायच्या पद्धतीने फॉल आधी पाण्यातून काढून वाळवावा लागतो, नाहीतर साडी धुतल्यावर तो आकसतो आणि काठाला चुण्या पडतात. मी तन्वीला सवयीने म्हणालोही, जरा पाणी आण. मग लक्षात आलं की ही साडी धुतली जाणार नाही. तन्वीच्याही ते लक्षात आलं. ती अर्ध्या वाटेवरून तांब्या घेऊन परत आली आणि माझ्यासमोर बसली.

सुरुवातीला वीतभर साडी मोकळी सोडायची. खालून धावदोरा, वरून हेमचा टाका, आणि प्रत्येक टाक्याला कापडाचा एकच धागा उचलायचा. हाताला आठवत होतं. डोळ्यांना मात्र सुईचं नेढं दिसत नव्हतं, म्हणून दोरा संपला की तन्वी ओवून द्यायची. माणसं येत होती, माझ्या बाजूने वाकून आत जात होती, थोडा वेळ बसून उठत होती. दुःखाच्या घरातून निघताना येतो म्हणत नाहीत. सगळे नुसते उठायचे आणि चपला शोधायचे. मी मान वर केली नाही. खरं सांगतो, त्या संबंध प्रवासात तेवढाच वेळ मला एकटं वाटलं नाही.

खाली गाडीचा आवाज आला तेव्हा मी शेवटची गाठ मारत होतो. दोरा दाताने तोडला. बाय मला यासाठी नेहमी ओरडायची, कात्री काय शोभेला ठेवली आहे का?

बायकांनी दार लावून घेतलं. आम्ही पुरुष पायऱ्यांवर उभे राहिलो. थोड्या वेळाने दार किलकिलं करून तन्वी बाहेर आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "मामा, निऱ्या बसल्या."

स्मशानात

पायऱ्यांवरून तिला खाली नेताना बोलणं नव्हतं, फक्त कोण कुठे पाय टाकतोय एवढीच सूचना चालली होती. गर्द हिरव्या रंगात ती सुंदर दिसत होती. विधींचं सगळं तन्वीनेच केलं. आप्पांनी मंत्राच्या वेळी तिला हळू आवाजात नीट समजावून सांगितलं, आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात जे होतं ते निवळलं.

विद्युतदाहिनीचं दार वर गेलं तेव्हा मी पुढे झालो. काही म्हणायचं ठरवलं नव्हतं. रोज डब्याच्या सुट्टीत जो शब्द तोंडात यायचा तोच आला.

"बाय," मी म्हटलं.

शेजारच्या माणसाला वाटलं मी इंग्रजीत निरोप घेतोय. त्याने माझ्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाला, बोला, बोला, मोकळे व्हा. मी मोकळा झालो नाही. मला फक्त पलीकडून नेहमीसारखं "जेवलास?" ऐकायचं होतं. दार खाली आलं.

घरी परतल्यावर शेजारच्या नाईकवहिनींनी कडू घास आणला होता. कुळथाची पिठी, भात आणि कडुलिंबाचं एक पान. पान चावून मग जेवायचं. बर्गनमध्ये अंत्यविधीनंतर गोड केक देतात, आणि लोक तो खात गेलेल्या माणसाच्या गमती सांगतात. मी तिथे तसे तीन-चार केक खाल्ले आहेत. दोन्हीत चूक काही नाही. पण त्या दिवशी मला केक गिळवला नसता.

आरे

पुढचे दिवस मी त्या घरात पाहुण्यासारखा राहिलो. पूर्वी आलो की बाय मला हुकूम सोडायची, पाणी भर, दोरा आण, आयेला औषध दे. आता मला कुणी काम सांगत नव्हतं. चहा हातात मिळायचा. भावजी आपलेपणानेच वागत होते, पण बोलताना ते मला 'तुम्ही' म्हणायला लागले. एकदा मी म्हटलं, भावजी, तू म्हणा. हो हो, म्हणाले, आणि पुन्हा तुम्ही म्हणाले.

एका सकाळी नाईकवहिनी दारात घुटमळत उभ्या राहिल्या. भाच्याचं लग्न होतं आणि त्यांची साडी बायकडे पडली होती. सुतक आहे, कसं मागू, असं त्या म्हणत होत्या. पिशवीतून साडी काढली तर फॉल अर्धाच लागलेला, सुई तशीच टोचलेली. मी म्हटलं, मी करतो, संध्याकाळी देतो. त्या म्हणाल्या, "घाई नाही हो. झालं की आणून द्या." पण लग्न तोंडावर होतं, म्हणून मी लगेच बसलो. बायची सुई मी काढली नाही. तिथूनच पुढे चालवली. वहिनींनी साडी उलटून पाहिली आणि सरळ सांगितलं, "इथून पुढे तुमचे टाके आहेत. कळतंय." मग जरा वेळाने म्हणाल्या, "राहू दे. मला दोन्ही हवेत."

एका दुपारी घर माणसांनी भरलं म्हणून मी बाहेर पडलो. मेट्रोने मरोळ नाक्याला उतरून आरेची बस पकडली. लहानपणी आई आम्हाला वर्षातून एकदा आरेत, काश्मीर म्हणतात त्या बागेत न्यायची. तबेल्यांचा वास येऊ लागला की बाय म्हणायची, आलं हो काश्मीर. बस झाडांमधून जात होती, मुंबई एकदम थांबल्यासारखी झाली. मी मध्येच कुठेतरी उतरलो. रस्त्याच्या कडेला एक पाड्यावरची बाई काकड्या घेऊन बसली होती. तिने एक चिरून, तिखटमीठ लावून दिली आणि विचारलं, एकलेच? मी म्हटलं, हो.

ती काकडी खाताना मला सगळं स्वच्छ कळलं. या शहरात माझं जे घर होतं ते बायचं होतं. बहीण गेल्यावर भावजी हे नातं कुठल्या खुंटीला टांगायचं? तन्वी मोठी झाली, तिचं तिला आयुष्य आहे. पुढच्या वेळी मी मुंबईला येईन तो कशासाठी, आणि कुणाच्या दाराशी जाऊन उभा राहीन? मला कुणी नको म्हणणार नव्हतं. पण ये म्हणणारं माणूस गेलं होतं. सवयीने हातावर टाकून आणलेल्या जाकिटाच्या खिशात मी रुमाल शोधला तर हाताला काकूंचा लाडू लागला, चुरा झालेला. ताईंना द्या. तो मी तिथे झाडाखाली ठेवला, आणि मागे न बघता बसच्या थांब्याकडे चालत गेलो.

निघताना

तेरावं झालं आणि माझी निघायची वेळ आली. सुतक फिटलं होतं, पण ते अजून दुःखाचंच घर होतं. मी आयेच्या पाया पडलो. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि बोटं मोडली. भावजी बॅग घेऊन पायऱ्या उतरले. बाय असती तर खालच्या पायरीपर्यंत येऊन ओरडली असती, पोचलास की फोन कर, आणि दिवाळीला ये, मेल्या. मीही दारात उभा राहून सवयीने तोंड उघडलं, आणि 'येतो' ओठांवर आलेलं गिळलं. कुणाला उगाच अपशकुन नको. तिथल्या माणसांनीही काही म्हणायचं नव्हतं. सगळे रीतीप्रमाणे गप्प उभे होते, आणि मी त्या गप्पपणातून चपला घालून निघालो.

अर्ध्या पायऱ्या उतरलो असेन, तेवढ्यात मागून तन्वी धावत आली. तिच्या हातात कापडी पिशवी होती. आत एक नवी साडी, जांभळी, पिवळ्या काठाची, आणि तिच्यावर घडी घातलेला फॉल. आईने माझ्यासाठी घेतली होती, तन्वी म्हणाली, फॉल लावायचा राहिला.

"नाईकवहिनी सांगतात इकडे चांगलं लावणारं आता कोणी नाही," ती म्हणाली. "तू लाव."

मी म्हटलं, अगं आत्ता? गाडी खाली उभी आहे.

"आत्ता कोण म्हणतंय?" तन्वी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण बोलणं अगदी तिच्या आईसारखं, दुकानदारीचं. "तिकडे ने. घाई नाही. झालं की आणून दे."

वर दाराशी आये उभी होती, काठी टेकून. तिने ऐकलं, आणि मान हलवली.

बर्गन

फॉल पाण्यातून काढून हीटरवर वाळवला, कारण ही साडी धुतली जाणार आहे. खिडकीशी बसून लावायला घेतला. ट्यूबलाइटखाली नाही. इथे ढगांमुळे चांगला उजेड फार वेळ टिकत नाही, म्हणून दर रविवारी थोडा थोडा करत गेलो. ओला एकदा आला आणि बराच वेळ बघत बसला. हे काय करतोस म्हणून त्याने विचारलं. मी त्याला नीट सांगितलं. या खेपेला तो हसला नाही.

डब्याच्या सुट्टीत आता मी तन्वीला फोन लावतो. ती उचलते आणि आधी विचारते, "जेवलास?" मग साडीचं विचारते.

'अजून चालू आहे,' असं मी सांगतो. खरं तर काल शेवटची गाठ मारली आणि दोरा कात्रीने कापला. साडी झाली आहे. आणून द्यायची आहे.